उष्मांकांचे दफ्तर

जनतेचा आहार सुधारावा या सदिच्छेने हिंजवडीतील तरुण अभियंते जेव्हा एखादे वेब-ॲप रचावयास बसतात, तेव्हा त्यांच्या जागरणास वडापाव आणि कटिंग चहा यांचेच पाठबळ असते, ही बाब अर्थातच ॲपच्या दफ्तरी दाखल होत नाही. गणित मात्र चोख. पिष्ट व प्रथिने यांच्या ग्रॅममागे ४ उष्मांक, स्निग्धाच्या ग्रॅममागे ९, हा ॲटवॉटर नामक अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचा शतकापूर्वीचा हिशेब आजही बिनतक्रार चालतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यद्रव्यांची कोष्टके सिद्ध केली. परंतु ती द्रव्ये बहुतांशी कच्ची, आणि आपण जेवतो ते शिजवलेले, शिवाय वाढणाऱ्या हाताच्या मर्जीचे. त्यामुळे एक वाटी आमटीची नोंद करताच, वाटी कोणाच्या घरची, फोडणी किती आणि आग्रहाने सोडलेली तुपाची धार कोणत्या रकान्यात घालावी, या प्रश्नांपुढे यंत्र निमूटपणे सरासरी काढून मोकळे होते. एकादशीची तर कमालच! उपासाच्या कळीवर बोट ठेवणाऱ्या भाविकाच्या खाती शून्य उष्मांक पडतात, आणि दाण्याच्या कुटाने माखलेली साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याचे पापड हा सर्व ऐवज हिशेबाबाहेर परस्पर पोटात जमा होतो. सायंकाळी ॲप त्याचे अभिनंदन करते.