चोवीस तास सर्व्हरवाले

मलकापूरचं नाव झालं ते पाण्यामुळं. भल्याभल्या शहरांत दिवसाआड नळ येत असताना कऱ्हाडाला चिकटलेल्या या छोट्या गावानं मीटर बसवून घरोघर चोवीस तास पाणी सुरू केलं, आणि ते खरंच येतं का हे बघायला बाहेरगावची शिष्टमंडळं येऊन आमचे नळ सोडून-बंद करून गेली. चोवीस तास पाणी आलं की माणसं पाणी साठवायचं सोडतात. पिंपं माळ्यावर जातात, हंडे भंगारात जातात, आणि काल भरलेलं पाणी शिळं झालं म्हणून आज ओतून देणं बंद होतं. मलकापुरात हे सगळं यथासांग झालं. एका माणसाचा हात मात्र रिकामा राहीना. त्यानं पाणी साठवायचं सोडलं आणि पिच्चर साठवायला घेतले.

या माणसाला आम्ही सर्व्हरतात्या म्हणतो. हे कुणा एकाचं नाव नव्हे. आगाशिवनगरात दोन-चार अपार्टमेंट ओलांडली की एक सर्व्हरतात्या सापडतोच. कुणी साखर कारखान्याच्या संगणक विभागात असतो, कुणी कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो, कुणी पुण्याची नोकरी घरात बसून करायला मिळाली तेव्हा परतलेला आणि पुन्हा गेलाच नाही असा असतो. वय पंचेचाळिशीच्या पुढं. खिशात पेन नसेल, पेनड्राइव्ह असतो. ओळखायची खूण म्हणजे तुमच्या घरी आला की तो टीव्हीच्या पुढं बसत नाही, मागं जाऊन वायरी बघतो.

त्याच्या घरात चपलांच्या कपाटावर, नाहीतर जिन्याखाली, एक जुना कॉम्प्युटर अखंड घुमत असतो. हा सर्व्हर, म्हणजे साठवलेले पिच्चर घरातल्या टीव्हीवर-फोनवर पोचवणारं यंत्र. त्याला मॉनिटर नसतो, कीबोर्ड नसतो, झाकणही नसतं. ते उन्हाळ्यात काढलं ते राहिलं. त्याच्यावर वहिनींच्या हस्ताक्षरात चिठ्ठी असते: "हे बटण बंद करू नये. विचारावे." ही चिठ्ठी वहिनींनी स्वखुशीनं लिहिलेली नाही. एकदा मिक्सरसाठी त्यांनी हा प्लग काढला होता, तेव्हाच्या तहाची ती अट आहे. घराला इन्व्हर्टर असतो, पण त्याच्यावर फ्रिज नसतो, सर्व्हर असतो. वीज गेली की दूध नासतं, तेवढ्या वेळात सिनेमाची पोस्टरं मात्र अखंड तेवत राहतात.

"पाणी चोवीस तास, मग करमणूक का नको?" हे तात्यांचं ब्रीद. म्हणायला सोपं आहे. पण पाण्याच्या योजनेत आणि तात्यांच्या योजनेत एक फरक आहे. पाण्याला गिऱ्हाईक होतं.

तात्यांच्या घरात कोण काय बघतं ते सांगतो. मुलगी फोनवर बघते. वहिनी स्वयंपाकघरात यूट्यूब लावतात, तेही ऐकण्यापुरतं. राहिले आबा, म्हणजे तात्यांचे वडील. ते फक्त कुस्त्या बघतात. त्याला कारणही आहे. 1952 साली हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे खाशाबा जाधव आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे. आबांच्या मते त्यानंतर जगात बघण्यासारखं फारसं काही झालेलंच नाही. ते एकच कुस्ती पहिल्यापासून लावतात आणि डाव पडायच्या आत झोपतात. हा झाला सर्व्हरचा एकूण प्रेक्षकवर्ग.

तात्या स्वतः? तात्यांनी गेल्या कैक महिन्यांत एकही सिनेमा पुरा बघितलेला नाही. त्यांना सिनेमा बघायचा नसतो, नीट लावायचा असतो. पोस्टर बरोबर आलं पाहिजे, साल बरोबर पाहिजे, नटनट्यांची नावं बरोबर पाहिजेत. सर्व्हर काय करतो, फाईलीचं नाव वाचतो आणि इंटरनेटवरच्या सूचीत त्या नावाचा सिनेमा शोधून माहिती चिकटवतो. इथं घोळ होतात. जब्बार पटेलांचा 1979 चा 'सिंहासन' तात्यांनी चढवला, तर यंत्रानं त्याच्यावर 1986 च्या हिंदी 'सिंहासन'चं पोस्टर लावलं. मुख्यमंत्री झालेले अरुण सरनाईक जाऊन तिथं राजवस्त्रातला जितेंद्र उभा. ज्या कऱ्हाडानं महाराष्ट्राला यशवंतराव आणि पृथ्वीराज असे दोन चव्हाण मुख्यमंत्री दिले, तिथं ही थट्टा कोण सोसणार?

"म्हणून नावापुढं कंसात साल लिहायचं," तात्या मला समजावत होते. "आता आपलंच बघा. नुसतं मलकापूर म्हणलं की लोक बुलढाण्याला जात्यात, न्हाईतर शाहूवाडीला. कंसात सातारा लिहावंच लागतंय. तसंच पिच्चरचं."

तर अशा या सुखी संसाराचा डेटाबेस एका रात्री बिघडला.

मला फोन आला तेव्हा दहा वाजून गेले होते. सर्व्हरतात्यांना दुरुस्तीसाठी मदत लागत नाही, साक्षीदार लागतो. मी पोचलो तेव्हा त्यांनी मॉनिटर जोडला होता, बनियनवर आले होते, आणि पडद्यावर एकच इंग्रजी वाक्य होतं: डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड.

"म्हंजे पिच्चर गेले का?" आबांनी आतून विचारलं.

"पिच्चर न्हाई गेलं, आबा. रान जिथल्या तिथं हाय. तलाठ्याचं दप्तर भिजलंय."

इतकी नेमकी व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही. सिनेमाच्या फाईली डिस्कवर सुखरूप असतात. बिघडते ती नोंदींची फाईल: कुठला सिनेमा कुठं ठेवलाय, त्याचं पोस्टर कुठलं, कोणी कितव्या मिनिटापर्यंत बघितलाय. पण दप्तर भिजलं की रान असून नसल्यासारखं, हे सातारा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

या नोंदी ज्या प्रकारच्या फाईलीत असतात त्याला एस्क्यूलाइट म्हणतात. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन माणसानं ते 2000 साली लिहिलं. तेव्हा तो अमेरिकी नौदलाच्या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर करत होता. तिथला मोठा डेटाबेस सर्व्हर बंद पडला की सगळं काम अडायचं, म्हणून सर्व्हरच लागणार नाही असा एका फाईलीत मावणारा डेटाबेस त्यानं केला आणि पुढं जगाला फुकट देऊन टाकला. आज तो तुमच्या-माझ्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. म्हणजे युद्धनौकेवर टिकावं म्हणून जे जन्माला आलं, ते मलकापुरात चपलांच्या कपाटावर गचकलं.

का गचकलं, यावर तात्यांचा निवाडा तयार होता: लाइट गेली. मला हे पटत नाही. एक तर सर्व्हर इन्व्हर्टरवर असतो, शिवाय हा डेटाबेस ऐन लिहिता लिहिता वीज गेली तरी बहुधा सावरतो, तशीच त्याची रचना आहे. तो खरा फसतो तेव्हा, जेव्हा डिस्क "लिहिलं" असं खोटंच सांगते आणि प्रत्यक्षात लिहिलेलं नसतं. किंवा सर्व्हर चालू असताना कुणी ती फाईल उचलून दुसरीकडं नेतं. तात्यांची डिस्क कुठल्याशा बिननावाच्या डबीत बसवून यूएसबीनं लावलेली होती, आणि संध्याकाळी तात्यांनीच "सुरक्षिततेसाठी" काही फाईली इकडच्या तिकडं केल्या होत्या. मी विषय काढला. तात्या म्हणाले, "तरीबी लाइटच."

मग शस्त्रक्रिया सुरू झाली. आधी सर्व्हर बंद करायचा, मग बिघडलेल्या फाईलीची प्रत काढायची, आणि जे काही करायचं ते त्या प्रतीवर करायचं. हा क्रम तात्यांनी काटेकोर पाळला, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. मग तपासणीची आज्ञा. सगळं ठीक असेल तर उत्तर दोन अक्षरांचं येतं, 'ओके'. आम्हाला जे आलं ते पडदा भरून खाली सरकत राहिलं. तात्यांचा चेहरा मात्र उजळत गेला. बिघाड पुरेसा मोठा निघाल्यामुळं समाधान पावलेला माणूस मी प्रत्यक्ष बघितला.

मोडक्या डेटाबेसमधून वाचतंय तेवढं साध्या मजकुराच्या रूपात बाहेर ओतायचं आणि त्या मजकुरातून नवा डेटाबेस उभा करायचा, अशी ती युक्ती. अर्धा-पाऊण तास यंत्र ओतत राहिलं. वहिनी चहा ठेवून गेल्या. नवी फाईल तयार झाली. आत काहीच नाही. शून्य.

तात्या उठले, गॅलरीत जाऊन आले, परत बसले. मग त्यांनी तो लांबलचक मजकूर उघडला आणि थेट शेवटच्या ओळीवर गेले. तिथं लिहिलं होतं 'रोलबॅक'. वाचताना चुका सापडल्या की हा डेटाबेस शेवटी स्वतःच लिहून ठेवतो की बाबा, वरचं सगळं रद्द समजा. तात्यांनी तो शब्द खोडला आणि त्या जागी 'कमिट' लिहिलं. कायम समजा. पुन्हा भरायला लावलं, आणि या खेपेला फाईल फुगू लागली.

"बघितलं का! सगळा कागद बरोबर असतोय, शेवटच्या शेऱ्यात अडवत्यात," तात्या म्हणाले. सरकारी कचेऱ्यांचा त्यांना बराच अनुभव असावा.

एवढ्यात मला त्याच फोल्डरात त्याच नावाच्या, पण मागं तारीख लावलेल्या चार फाईली दिसल्या. शेवटची तीन दिवसांपूर्वीची.

"तात्या, ह्या कसल्या?"

"त्या व्हय? त्या बॅकप. सर्व्हर आपला आपणच दर तीन दिसांनी काढून ठेवतोय."

"मग यातली एक उचलून त्या जागी ठेवली असती तर?"

"तर काय, दोन मिनिटांत चालू." तात्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी तालमीत येऊन कुस्ती चिठ्ठ्या टाकून निकालात काढायला सांगितली. "ते काय, कुणीबी करंल."

सर्व्हर चालू झाला. जुन्या बिघडलेल्या डेटाबेसला जोडून असलेल्या दोन छोट्या फाईली आधी हलवाव्या लागतात, नाहीतर नव्यालाही बाधा होते. तेही त्यांना ठाऊक होतं. आता मात्र डिस्क भरल्याची सूचना आली, आणि साफसफाई रविवारवर गेली.

साफसफाई म्हणजे या माणसाच्या दुखऱ्या नसेवर बोट. यंत्राचा स्वतःचा कचरा तात्या निर्विकारपणे काढतात: काढून टाकलेल्या सिनेमांची उरलेली पोस्टरं, दाखवताना केलेले तात्पुरते तुकडे, रिकामी न केलेली कचरापेटी. माणसाचा कचरा आला की हात थांबतो. 'अशी ही बनवाबनवी'च्या तीन प्रती. पहिली व्हीसीडीवरची, दोन डिस्कची, 352 बाय 288 ठिपक्यांची. पंचावन्न इंची टीव्हीवर लावली की लक्ष्मीकांत बेर्डे चौकोनांचा बनलेला दिसतो. दुसरी डीव्हीडीवरची, स्वच्छ. तिसरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली, जाहिरातींसकट.

"पहिली उडवू?"

"ती मी पगारातनं घेतलेली पहिली व्हीसीडी."

"मग तिसरी?"

"खुळं का काय! सिनेमा कुठंबी मिळंल. त्या जाहिराती आता मिळत्यात का?"

शेवटी दुसरी, म्हणजे एकमेव बघण्यासारखी प्रत 'डबल' म्हणून जाता जाता वाचली.

मग 'नवीन फोल्डर'. त्यात 'नवीन फोल्डर (2)'. त्यात 'फायनल'. त्यात 'फायनल खरं'. त्याच्या आत मात्र तात्यांच्या लग्नाची कॅसेट होती, कधीकाळी कॉम्प्युटरवर उतरवलेली: बदामात फिरणारे वधूवर, फुलातून उमलणारी वहिनींची मुद्रा, आणि अक्षता पडत असताना अचानक उसाच्या फडाचं दृश्य, कारण शूटिंगवाल्याला ते आवडलं होतं. फाईलीचं नाव नुसतं 'लग्न', त्यामुळं सर्व्हरनं ती सिनेमाच समजून तिला कुठल्या तरी परक्या नटाचं पोस्टर लावलं होतं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हे सगळ्यात आधी नीट करायचं होतं." त्या दिवशी सर्व्हरला आबांखेरीज दुसरा प्रेक्षक मिळाला. पंगत वाढायला सुरुवात झाली तेवढ्यात भाग एक संपला. भाग दोन सापडला नाही. भाग तीनमध्ये पाठवणी आहे, तो दोन ठिकाणी आहे.

दिवसभराच्या खपानंतर जी जागा मोकळी झाली, तिच्यात जेमतेम एक सिनेमा मावला असता. तात्यांनी नवी मोठी डिस्क मागवली. आबांच्या कुस्तीची नोंद मात्र दुरुस्तीत गेली, कितव्या मिनिटाला थांबले ते सर्व्हरला आठवेना. आबांच्या ते लक्षातही आलं नाही. ते दररोज पहिल्यापासूनच लावतात.

महिनाभर सर्व्हर बिनतक्रार चालला, आणि तेवढे दिवस तात्या गल्लीत कुणाशी धड बोलले नाहीत. परवा भेटले ते खुशीत. सर्व्हरची नवी आवृत्ती आलीय, रविवारी चढवतायत.

तुमच्याही नात्यागोत्यात असा एक तात्या असणारच, आणि तुमच्या लग्नाची, बारशाची, आजोबांच्या पंचाहत्तरीची एकमेव प्रत त्याच्याचकडं असणार. ती रविवारच्या आत वेगळ्या डिस्कवर मागून घ्या. तो नाही म्हणणार नाही, फक्त तासभर ऐकावं लागेल.