घर्षण नगण्य मानून

भौतिकशास्त्र मंडळाचा सेक्रेटरी निवडला जात नाही, सापडतो. जुलैतल्या बैठकीत विभागप्रमुख मॅडम विचारतात, "यंदा मंडळाचं कोण बघणार?" अख्खा वर्ग आपापल्या चपला न्याहाळू लागतो. एकटा हा वर बघत असतो, कारण छताचा पंखा मिनिटाला किती फेरे घेतो याचा त्याच्या डोक्यात हिशेब चाललेला असतो. मॅडमना तो उत्साह वाटतो. पुढच्या मिनिटाला मंडळाच्या कपाटाची किल्ली त्याच्या हातात पडते.

कपाटात एक दुर्बीण असते, तिला स्टँड नसतो. एक स्टँड असतो, तो दुर्बिणीचा नसतो. शिवाय विज्ञान दिनाचा बॅनर असतो. त्यावरच्या सालावर दरवर्षी नव्या सालाची चिठ्ठी डकवत गेल्यामुळे तेवढाच भाग त्रिमितीय झालेला असतो.

सेक्रेटरीचा स्वभावदोष एकच. तो प्रत्येक बेत घर्षण नगण्य मानून आखतो. सोमवारी पाहुण्यांना पत्र, मंगळवारी प्राचार्यांची सही, बुधवारी ऑफिसातून पैसे, शुक्रवारी तीनला कृष्णविवरांवर व्याख्यान. पुस्तकातला ठोकळा उतारावरून जसा विनातक्रार घसरतो, तसा आपला अर्ज ऑफिसातून घरंगळत येईल अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मंगळवारी प्राचार्य विद्यापीठात गेलेले असतात. बुधवारी क्लार्क म्हणतात, "हे थ्रू प्रॉपर चॅनल नाही." गुरुवारी कळतं, की हॉल मेंदी स्पर्धेला दिलाय.

तरी व्याख्यान होतं. विभागात १२० मुलं, निम्मी येतील, असा अंदाज बांधून सेक्रेटरी ६० वडापाव सांगतो. तीनला हॉलमध्ये अकरा जण असतात, त्यातले चार कॉमर्सचे, एसीसाठी आलेले. मग कुणीतरी ग्रुपवर टाकतं, "प्रमाणपत्र मिळणार आहे." दहा मिनिटांत १४० जण हजर. विश्वात मूलभूत बलं चार, असं पुस्तक सांगतं. पाचवं बल प्रमाणपत्राचं, हे सेक्रेटरीला त्या दिवशी कळतं. वडापाव ६०च असतात.

त्याचा खरा जीव अडकलेला असतो तो शून्य सावली दिनात. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा १३ मेच्या सुमारास. तेव्हा परीक्षा आटोपून मुलं गावी पळालेली असतात. दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. तेव्हा कॉलेज भरलेलं असतं आणि आभाळही. सेक्रेटरी कॉलेजच्या बाजूने कौल देतो. साडेबारालाच तो मैदानावर पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा ओळंब्याने सरळ उभा करतो. भोवती छत्र्या धरून पहिल्या वर्षाची सहा मुलं उभी असतात. घड्याळातले बारा हा खरा मध्यान्ह नव्हे, पुण्याचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या अर्धा तास मागे चालतो, हे तो रिमझिम पावसात समजावून सांगतो. बारा चाळीसला सगळे पाइपाच्या बुडाशी वाकून बघतात.

"सावली शून्य आहे," शिपाईमामा मान्य करतात. "पण ती सकाळपासूनच शून्य आहे."

अहवालात सेक्रेटरी लिहितो : प्रयोग यशस्वी. सावली आढळली नाही.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाची घोषणा झाली, हे निवेदिका सांगते. मग समई विझू नये म्हणून पंखे बंद केले जातात, ते कार्यक्रम संपेपर्यंत कुणी चालू करत नाही. पाहुण्यांचा घाम बघून सेक्रेटरी शेजाऱ्याला बाष्पीभवनाची गुप्त उष्णता समजावतो, पण बटणाकडे जात नाही.

जवळच नारायणगावला सहल जाते. तिथल्या खोडद गावी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण ताऱ्यांकडून येणाऱ्या क्षीण लहरींपुढे खिशातला फोन म्हणजे गोंगाट. निम्म्या सहलीचा उत्साह तिथेच मावळतो. "ही तर नुसती जाळी आहे, लहरी गळत नाहीत का?" असं कुणी विचारलं, की सेक्रेटरी उजळतो. तरंगलांबी २१ सेंटीमीटरपासून दोन मीटरपर्यंत, जाळीची भोकं सेंटी-दोन सेंटीमीटरची. लहरीला ती भोकं दिसतच नाहीत, वाऱ्याला मात्र दिसतात, म्हणून वादळी वाऱ्यातही तबकडी टिकते. गोविंद स्वरूपांची ही युक्ती सांगताना त्याचा आवाज चढतो. प्रश्न विचारणारा तोवर उसाच्या रसाच्या गाड्यावर पोचलेला असतो.

घरी वेगळाच प्रयोग चालू असतो. आत्या विचारते, "फिजिक्स करून पुढे काय?" हा एमएस्सीच्या 'जॅम' प्रवेशपरीक्षेबद्दल सांगतो. आत्या आईला म्हणते, "बँकेचा फॉर्मही भरून ठेव गं त्याचा."

वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा येते. लंबकाच्या दांड्यावरून 'जी' काढायचा. सगळ्या वर्गाचं उत्तर ९८०, कारण ते आधीपासून ठरलेलं असतं आणि रीडिंग त्याच्याकडून मागे चालत येतात. सेक्रेटरी वीस-वीस दोलनं खरोखर मोजतो. त्याचं उत्तर ९७८.

"तुझाच कमी कसा?" बाहेरचे परीक्षक विचारतात.

"सर, पुण्याचा जी ९७८च्याच आसपास आहे. आपण विषुववृत्ताच्या जवळ, त्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. ९८० हवा असेल तर ३८ अंश अक्षांशाला जावं लागेल. अथेन्सला वगैरे."

परीक्षक चष्मा काढतात. जर्नलांच्या गठ्ठ्याकडे बघतात. "म्हणजे हे बाकीचे तीस जण?"

सेक्रेटरी मागे वळून बघतो. भिंतीला टेकून अख्खं अथेन्स उभं असतं, श्वास रोखून. यातल्याच चौघांनी विज्ञान दिनाला खुर्च्या उचलल्या होत्या.

"तसं नाही सर," तो म्हणतो. "माझ्याच लंबकाला घर्षण जास्त असावं."

वर्षभरात पहिल्यांदाच तो घर्षण हिशेबात धरतो. परीक्षक त्याचे दोन मार्क कापतात आणि सही करतात.