आधी पडदा उघडा

पुण्यातला फ्लॅट, मार्चमधली सकाळ, आठ वाजलेले. खिडकीला जाड पडदे, छताला एलईडी. टेबलावर नवाकोरा पांढरा दिवा, खोक्यावर ‘घरच्या घरी लाइट थेरपी’ आणि ‘दिवसभर उत्साह’. पडद्यापलीकडे गॅलरीभर ऊन.

हे ऊन कुणासाठी ठेवलंय?

दिवा थोतांड नाही, हे आधीच सांगतो. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळी नैराश्याचं नीट वर्णन केलं आणि त्यावर प्रखर प्रकाशाचा उपचार मांडला. रोझेन्थाल जोहान्सबर्गचे. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात आपला उत्साह आटतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. आज हा मान्य उपचार आहे. इतर नैराश्यातही त्याचा उपयोग होऊ शकतो, असं पुढच्या संशोधनात दिसलं.

पण या उपचाराची गरज कुठे भासते, तेही पाहा. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. लंडनचा डिसेंबरातला दिवस आठ तासही भरत नाही. नॉर्वेच्याच र्‍युकान गावाने २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, तेव्हा कुठे हिवाळ्यात गावच्या चौकात ऊन पडलं.

पुण्यातला वर्षातला सगळ्यात लहान दिवस जवळपास अकरा तासांचा असतो.

प्रकाश मोजतात लक्समध्ये. रात्री ट्यूबलाइटखाली शंभर-दोनशे लक्स. ऑफिसात तीनशे ते पाचशे. पावसाळी ढगाळ आभाळाखालीही काही हजार, आणि लख्ख उन्हात लाखाच्या घरात. आपला डोळा पटकन जुळवून घेतो, म्हणून ‘आमच्या घरात भरपूर उजेड आहे’ असं आपण छातीठोक सांगतो. पण झोप-जागेची वेळ ठरवणाऱ्या मेंदूतल्या घड्याळाला तो संधिप्रकाश वाटतो.

उपचाराची मात्रा ठरलेली आहे. दहा हजार लक्स, साधारण अर्धा तास, सकाळी उठल्या उठल्या, दिव्यापासून हातभर अंतरावर. डोळे उघडे, पण नजर दिव्यावर रोखलेली नाही. चहा प्या, पेपर वाचा.

बहुतेक खोक्यांवर ‘दहा हजार’ ठळक असतं. किती अंतरावर, ते कुठे असतं?

छोट्या दिव्यांचे दहा हजार लक्स अनेकदा वीतभर अंतरावरचे असतात. अंतर दुप्पट केलं की प्रकाश जवळपास चौथ्या हिश्शावर येतो. वीतभर अंतरावरून पेपर वाचणारा माणूस कुणी पाहिलाय? अंतर छापलं नसेल, तर दिवा घेऊच नका.

वेळेचा घोळ याहून मोठा. ऑफिसातून दमून यायचं, जेवायचं आणि रात्री नऊ वाजता दिव्यासमोर बसायचं. थकवा संध्याकाळी जाणवतो, म्हणून औषधही संध्याकाळी. प्रखर प्रकाश माणसाचं मेलाटोनिन, म्हणजे झोपेचा इशारा देणारं संप्रेरक, दाबतो, हे १९८० सालीच दाखवून झालंय. रात्रीचा प्रकाश शरीराचं घड्याळ मागे ढकलतो. मग झोप बाराची दीडला जाते, सकाळी डोळे उघडत नाहीत आणि माणूस म्हणतो, दिव्याचा गुण येत नाही.

गुण आलाय. उलटा आलाय.

आता बाजारात लाल दिव्यांचे मुखवटेही आलेत. तेही ‘लाइट थेरपी’ आणि तेही ‘एनर्जी’साठी. शरीराच्या घड्याळाला वेळ सांगणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी निळसर प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात, लाल प्रकाशाला फारच कमी. त्यात मुखवटा लावताना डोळे मिटलेले. त्वचेसाठी वापरायचा तर तो प्रश्न वेगळा. उत्साहासाठी हे पैसे वाया.

ड जीवनसत्त्वासाठी दिवा घेणंही तसंच. उपचाराच्या चांगल्या दिव्यातून अतिनील किरण मुद्दाम गाळलेले असतात. त्यासमोर वर्षभर बसलात तरी ड मिळणार नाही. आणि बंद काचेतून आलेल्या उन्हातूनही जवळपास काहीच नाही.

काही जणांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या दिव्याला हात लावू नये. बायपोलर आजार असेल तर प्रखर प्रकाशाने मन उन्मादाकडे झुकू शकतं. डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल किंवा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील, तरी जपायला हवं. टोरांटोत, स्टॉकहोममध्ये राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना दिवा खरंच लागू शकतो. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यालाही. पण त्याची ‘सकाळ’ कोणती, हे जाणकाराने ठरवायचं, खोक्याने नव्हे.

आणि थकवा प्रकाशाअभावीच आला, हे ठरवलं कुणी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. घरातली बाई ‘अंगात त्राणच नाही’ म्हणते, तेव्हा आधी हिमोग्लोबिन बघा. थायरॉइड बघा. बी-१२ बघा. ती झोपते किती तास, हे तिलाच विचारा. दोन आठवडे मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक आहे. फोन करा. दिव्याचं पार्सल यायची वाट पाहू नका.

सकाळचं ऊन फुकट आहे, असं आपण सर्रास म्हणतो. सगळ्यांना नाही.

मुंबईतल्या गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड घ्या, मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड घ्या. पुनर्वसनाच्या इमारती, दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथे ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही. २०१८ साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासाने याच वस्त्यांमधल्या क्षयरोगाचा संबंध या अंधाऱ्या, कोंदट घरांशी जोडला. झोपडीतून माणसाला पक्क्या घरात आणलं आणि त्याचा सूर्य काढून घेतला. नकाशावर सही करणाऱ्या एकाच्याही घरात भर दुपारी दिवा लावावा लागत असेल?

ज्यांच्या खिडकीत ऊन येतं त्यांनी उद्या सकाळी पडदा सारावा, गॅलरीत अर्धा तास बसावं. आणि आपल्या वॉर्डात पुनर्वसनाचा पुढचा आराखडा येईल, तेव्हा नगरसेवकाला एकच प्रश्न विचारावा: तळमजल्यावर ऊन किती तास येणार? उत्तर लेखी घ्या.