रोजी एक डॉलर

अमेरिकेत व्हिसाची मुदत संपलेला किंवा आश्रय मागायला आलेला माणूस कोंडला, तर त्याला कैदी म्हणायचे नसते. प्रकरण दिवाणी असते. म्हणजे कुलूप, गणवेश, हजेरी आणि काटेरी तार हेही सगळे दिवाणीच. यातले बहुसंख्य लोक खासगी कंपन्यांच्या कोठड्यांत असतात. जिओ ग्रुप आणि कोअरसिव्हिक ही त्यातली बडी नावे. दोघींचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत, त्यामुळे धरपकडीच्या बातमीने कुणाचे घर मोडते, तर कुणाचा भाव वधारतो.

सरकारशी केलेल्या कित्येक करारांत किमान खाटांचे पैसे आधीच ठरलेले. पाहुणे आले नाहीत तरी मंगल कार्यालयवाला पाचशे ताटांचे बिल लावतोच की!

वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा इथल्या जिओच्या केंद्रात स्वयंपाक, धुणी, लादी पुसणे ही कामे कोंडलेलेच करीत. मोबदला दिवसाला एक डॉलर. हा दर १९५० सालचा. महागाईलाही बहुधा आत यायला व्हिसा मिळाला नसावा. २०२१ मध्ये ज्युरीने बजावले, की राज्याचे किमान वेतन, म्हणजे तेव्हाचे तासाला १३.६९ डॉलर द्यायला हवे होते, थकबाकी १.७३ कोटी डॉलर. जिओने अपील केले आणि तो कागदोपत्री 'ऐच्छिक' रोजगार बंदच करून टाकला.

सरकारी तिजोरीला मात्र अशी काटकसर सुचत नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर मंजूर केले.