कुरकुरीची प्रतवारी

लिनक्स कर्नलच्या मेकफाइलींत कंपायलरच्या वॉर्निंग्जची प्रतवारी लावलेली आहे, आणि ज्याने ती लावली त्याने माणसं पुष्कळ पाहिली असणार. 'मेक'ला 'डब्ल्यू=१' म्हटलं की क्वचित येणाऱ्या, कामाच्या असू शकतील अशा तक्रारी दिसतात. '२' म्हटलं की वरचेवर येणाऱ्या. '३' म्हणजे इतक्या गूढ, की त्यांच्याकडे बहुधा दुर्लक्ष केलं तरी चालेल, असं मदतीच्या मजकुरातच छापलंय. दुर्लक्ष करण्याजोग्या तक्रारींसाठी स्वतंत्र खिडकी! अशी सोय मी फक्त सरकारी कचेरीतच पाहिली होती. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर अशा पातळ्या शून्यापासून सहापर्यंत आहेत.

२०२१च्या सप्टेंबरात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या कुरकुरीला कंटाळले. ५.१५ आवृत्तीची जुळवाजुळव चालू असताना त्यांनी फर्मान काढलं : यापुढे वॉर्निंग म्हणजे एररच, बिल्ड तिथल्या तिथे बंद. विचार चोख होता. पण कर्नल काय एकाच कंपायलरवर बनतो? जीसीसीच्या नव्याजुन्या आवृत्त्या, शिवाय क्लँग, शिवाय डझनावारी आर्किटेक्चर्स. एकाला जे खटकतं ते दुसऱ्याच्या गावीही नसतं. जिकडेतिकडे बिल्ड मोडू लागले आणि काही दिवसांतच फर्मान आवरतं घेतलं गेलं. आता ही सक्ती आपोआप लागू होते ती फक्त चाचणीपुरतं कंपाइल करणाऱ्यांना.

मला मौज वाटते ती जीसीसीच्या स्वभावाची. 'अमुक वॉर्निंग नको' असा फ्लॅग दिला आणि ते अमुक त्याला ठाऊकच नसलं, तर तो चकार शब्द काढत नाही. मात्र पुढे दुसऱ्याच कशावरून वाजलं, की लग्नात गप्प बसलेल्या आत्याबाईंसारखा तेही उकरून काढतो : आणि हो, मघाशी तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नव्हतं! म्हणून कर्नलची मेकफाइल आधी त्याला उलटं विचारते, 'अमुक वॉर्निंग देता येते का रे?' येते म्हणाला, की मग सांगते, 'तर देऊ नकोस.'

क्लँगमध्ये सगळ्याच्या सगळ्या वॉर्निंग्ज चालू करणारा फ्लॅगही आहे. हौस म्हणून एकदा लावून पाहावा. 'स्विच'मध्ये 'डिफॉल्ट' नसला तर एक वॉर्निंग विचारते, का नाही लिहिला? सगळ्या शक्यता हाताळून वर तो लिहिला, तर दुसरी विचारते, आता हा कशाला?