फॉर्मकाका

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली, की कोपऱ्यात चार-पाच जणांचं कोंडाळं दिसतं. मधोमध फॉर्मकाका. हे एडिसनला असतात, बे एरियात असतात, आणि निवृत्त होऊन पुण्यात परतलेले तर बाणेरला हमखास असतात. राजकारण, क्रिकेट, मधुमेह, कशातच त्यांना गोडी नाही; गोडी फक्त अमेरिकी कराच्या फॉर्मांत. ‘कसा आहेस’च्या जागी ते ‘डब्ल्यू-नाइन दिलास का?’ असं विचारतात.

बाणेरचे काका अमेरिकी नागरिक, खिशात ओसीआय कार्ड. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहो, अमेरिका त्याच्याकडे मिळकतीचा हिशेब मागते, हे ते अशा अभिमानाने सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, देश यांची रोज आठवण काढतो.

पत्ता बघून फॉर्म निवडणाऱ्यांची त्यांना भयंकर चीड. “पुण्यात राहतो म्हणून डब्ल्यू-एट-बेन भरलास? अरे, तो परक्या माणसाचा! तू नागरिक. चंद्रावर जाऊन राहा, तुझा डब्ल्यू-नाइनच.” पैसे देणाऱ्याला द्यायच्या त्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटीचा नऊ आकडी नंबर. नंबर दिला नाही, तर पैसे देणारा 24 टक्के कापून ठेवू शकतो. सहीपाशी आले की आवाज खाली येतो: “खाली काय छापलंय वाचलंस? पर्जरी!” पर्जरी म्हणजे शपथेवर खोटं सांगणं; हा शब्द ते गरम जिलबीसारखा घोळवून उच्चारतात.

काकूंनी ग्रीन कार्ड केव्हाच परत केलं. पासपोर्ट भारतीय, शेअर अमेरिकी. त्यामुळे त्यांचा मात्र डब्ल्यू-एट-बेन. लाभांशावर 30 ऐवजी कराराप्रमाणे 25 टक्के कर. शिवाय सही केलेलं वर्ष सोडून तिसऱ्या वर्षाअखेर तो फॉर्म साधारणपणे नव्याने भरायचा. डब्ल्यू-नाइनला असली मुदत नाही. “म्हणजे माझीच मुदत संपते, यांची संपतच नाही,” काकू चहा ठेवता ठेवता म्हणतात.

2010 साली अमेरिकेत परदेशी बँकांकडून अमेरिकी खातेदारांची माहिती मागणारा फॅटका कायदा आला, 2015 मध्ये भारताने त्याबाबत करार केला, आणि आपल्या बँका ‘तुम्ही दुसऱ्या देशाचे करनिवासी आहात का?’ असं विचारू लागल्या. काकांचे खरे दिवस तेव्हा आले. सोसायटीतल्या एका मुलाने त्या चौकटीत बेधडक ‘नाही’ लिहिलं होतं.

“जन्म कुठला रे तुझा?”

“डॅलस. बाबांचं प्रोजेक्ट होतं. सहा महिन्यांचा असताना परत आलो.”

“म्हणजे तू नागरिक!” मुलाचा चेहरा उतरला, काकांचा उजळला. “एसआयपी आहे?” आहे म्हटल्यावर तर त्यांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. भारतीय म्युच्युअल फंड म्हणजे 8621 नंबरचा फॉर्म आलाच, आणि तो तर फॉर्मांचा एव्हरेस्ट.

आईच्या पेन्शनच्या खात्यावर काकांचं दुसरं नाव आहे. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही 10,000 डॉलरवर गेली, तर सगळी खाती कळवावी लागतात. म्हणून सदाशिव पेठेतलं ते खातंही दरवर्षी वॉशिंग्टनला कळतं. “माझ्या पेन्शनशी त्यांचा काय संबंध?” म्हातारीचा हा प्रश्न मला रास्त वाटतो. काकांना तो देशद्रोहाच्या जवळपासचा वाटतो.

एवढं सगळं पाठ असूनही स्वतःचं रिटर्न काका भरत नाहीत. ते न्यू जर्सीतला एक सीपीए भरतो आणि त्याचे सणसणीत पैसे घेतो. काका फक्त तपासतात, आणि त्याला चुका कळवतात.

तुमच्याकडे असे काका असतील तर चहाला जरूर बोलवा. फक्त भरलेला डब्ल्यू-नाइन त्यांना कौतुकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, त्यावर तुमचा नंबर असतो. आणि आयआरएसला, म्हणजे अमेरिकी करखात्यालाही पाठवू नका. ज्याने मागितला, त्यालाच तो द्यायचा असतो.