पुढच्या शाही लग्नाच्या निवेदकास अनावृत पत्र

माननीय निवेदक महोदय किंवा महोदया यांस,



आपली नेमणूक अजून व्हायची आहे, मुहूर्त निघायचा आहे आणि नवरदेव बहुधा अजून शाळेच्या गणवेशात आहेत. तरी पत्र आत्ताच लिहून ठेवतो. एकदा लग्न जाहीर झालं की तुमच्याभोवती शिंपी, रंगभूषाकार आणि राजघराण्याचे अभ्यासक यांचा गराडा पडेल. मग सामान्य प्रेक्षकाचं कोण वाचणार? मी स्लाऊमध्ये राहतो. टेम्स ओलांडली की विंडसर. म्हणजे लग्न नदीपलीकडे लागतं आणि मी ते घरात बसून टीव्हीवर पाहतो. २०१८ साली टीव्ही लायसन फीचे १५० पौंड ५० पेन्स मोजले होते. (वर्षभराचे बाकीचे कार्यक्रम फुकट, असं आम्ही धरून चालतो.) तेव्हा चार शब्द सुनवायचा मला हक्क आहे.

पहिलं म्हणजे, बोलू नका. तुमच्या पेशाचे मूळपुरुष रिचर्ड डिंबलबी. ६ मे १९६० रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत राजकन्या मार्गारेटचं लग्न झालं, टीव्हीवर दाखवलेलं ते पहिलं शाही लग्न, आणि आवाज डिंबलबींचा. कुठे थांबावं हे त्यांना बरोबर कळायचं, असं माझं ठाम मत आहे. त्या दिवशी मी जन्मलोही नव्हतो आणि आमच्या साताऱ्यात टीव्ही पोचायला बराच अवकाश होता, पण मत ठाम व्हायला त्याची काही अडचण येत नाही. तुम्हीही तसेच थांबा. घोडे निघाले की टापा ऐकू द्या, ऑर्गन लागला की ऑर्गन ऐकू द्या. २०१८ साली हॅरी आणि मेगन यांच्या लग्नात बिशप मायकल करी चौदाएक मिनिटं प्रेमावर बोलले आणि कॅमेरा पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरून फिरत राहिला. कोणाच्या भुवया वर, कोणाची नजर मांडीवर, कोणाचं तोंड अर्धवट उघडं. सगळ्या दिवसात एवढाच भाग आमच्याकडे चहा निवेपर्यंत पाहिला गेला, आणि त्यात तुमच्यापैकी कोणाचंही काही काम नव्हतं.

मात्र फार वेळ गप्प बसू नका. २०११ साली विल्यम आणि केट यांच्या लग्नाला सुमारे १,९०० पाहुणे होते. ॲबीच्या दारातून आत शिरणाऱ्या प्रत्येक टोपीखाली कोण आहे, हे आम्हाला कळायलाच हवं होतं. निवेदक जरा थांबला की आमच्याकडे कोणीतरी ‘आवाज गेला वाटतं’ म्हणून रिमोट शोधायला उठतं, आणि तेवढ्यात एखादा परदेशी राजा आत निघून जातो. थोडक्यात, जे आम्हाला ठाऊक आहे ते सांगू नका, जे ठाऊक नाही ते वेळेवर सांगा, आणि आम्हाला काय ठाऊक आहे ते तुमचं तुम्ही ओळखा. ब्रिटनमध्ये आम्ही त्या दिवशी दोन कोटींच्या वर होतो, तेव्हा ओळखायला तसं जड जाऊ नये.

पोशाखाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यावर घरात भांडणं होतात. केटचा पोशाख कोणी केला हे राजवाड्याने ती ॲबीपाशी पोचेपर्यंत गुप्त ठेवलं होतं. म्हणजे पहाटेपासून निवेदकांना जिच्याबद्दल बोलायचं होतं ती वस्तू त्यांनी पाहिलेली नव्हती, शिंपीही ठाऊक नव्हता. तरी ते तासन् तास बोलले. हे येरागबाळ्याचं काम नाही, हे मी कबूल करतो. मग नाव फुटलं: अलेक्झांडर मॅक्वीनच्या सारा बर्टन. मागचा घोळ २ मीटर ७० सेंटिमीटर. डायनाचा १९८१ सालचा होता २५ फूट. इथवर ठीक. पण लेसचं काम करणाऱ्या कारागिरांनी दर अर्ध्या तासाने हात धुतले आणि दर तीन तासांनी सुया बदलल्या, ही राजवाड्याने पुरवलेली माहिती कानावर पडली आणि तिथून आमची शांती ढळली. सात वर्षांनी मेगनच्या पाच मीटर लांब जाळीदार ओढणीवर राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं भरली होती, आणि ती भरणाऱ्यांनीही, काय योगायोग, दर अर्ध्या तासाने हात धुतले होते. पुढच्या लग्नातही धुतले जातील याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ही गोष्ट एकदाच सांगा. दुसऱ्यांदा ऐकल्यावर आमच्या सासूबाईंनी ‘हे लोक एरवी धूत नाहीत का?’ असं विचारलं, त्यावरून चर्चा वाढली, आणि नवरानवरीने शपथा काय घेतल्या ते राहूनच गेलं.

तुमच्या स्वतःच्या कपड्यांविषयी आमचं धोरण सोपं आहे. पुरुष निवेदकाने तोच गडद निळा सूट लागोपाठ तीन लग्नांना घातला तर आम्ही ‘रुबाबदार’ म्हणतो. बाई असेल तर तिने काळं घालू नये, पांढरं तर नाहीच, भडक नको, फिकट नको, नवरीच्या आईवर मात होईल असं काही नको, डोक्यावर टोपी असावी आणि ती मागच्याला आड येऊ नये. २००२ साली राजमाता गेल्याची बातमी पीटर सिसन्स यांनी काळ्याऐवजी तांबूस टाय लावून दिली, तो टाय लोक अजून विसरलेले नाहीत. बातमी काय शब्दांत दिली होती, ते मात्र विचारू नका.

चुकायचीही तुम्हाला मुभा नाही. डायनाने भर सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये नवऱ्याच्या नावांचा क्रम उलटापालटा केला, चार्ल्सच्या आधी फिलिप घेऊन टाकलं. जगभर अंदाजे ७५ कोटी लोक पाहत होते आणि त्यांना ती अधिकच गोड वाटली. याउलट २०१२ साली राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवात नदीकाठी बोलता बोलता ‘हर मॅजेस्टी’च्या जागी ‘हर रॉयल हायनेस’ असं एका निवेदकाच्या तोंडून निघालं, आणि त्या प्रक्षेपणाच्या नावाने हजारो तक्रारी गेल्या. नवरी ती नवरी. तिला या कामाचा पगार नव्हता.

एका समालोचकाला मात्र लोकांनी मनापासून माफ केलं, ते सांगितलं पाहिजे. १९३७ साली राज्याभिषेकानिमित्त स्पिटहेडला आरमाराची पाहणी झाली. रेडिओवर टॉमी वुडरूफ होते, माजी नौदल अधिकारी. जुन्या सोबत्यांनी जहाजावर त्यांचा यथेच्छ पाहुणचार केला होता. माईकसमोर आल्यावर आरमारावर दिवे लागलेत एवढं एकच वाक्य ते आळवत राहिले, आणि दिवे विझल्यावर आख्खं आरमारच नाहीसं झालं म्हणून हळहळले. काही मिनिटांत आवाज बंद करण्यात आला. त्यांना आठवडाभर घरी बसवलं, पुढच्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर त्या वाक्याच्या नावाचं नाटक लागलं. मी सुचवत काहीच नाही. फक्त नोंद असावी.

अभ्यासक मंडळींना आवरा. २०१८ साली भारदस्त इंग्रजी उच्चारांचे, लांबलचक नावाचे एक राजघराण्याचे जाणकार कॅमेऱ्यांसमोर विराजमान झाले होते. नंतर एका अमेरिकी वर्तमानपत्राने शोधून काढलं की गृहस्थ न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावात वाढलेले. त्यांचे उच्चार आम्हाला अगदी अस्सल वाटले असते. आमचे शेजारी तीन पिढ्या विंडसरचे, त्यांचे वाटत नाहीत. त्याच लग्नाला विल फेरेल आणि मॉली शॅनन हे एचबीओवर कॉर्ड आणि टिश या नावांनी नकली निवेदक होऊन बसले. तिथे निवेदकाने वेड्यासारखं बोलावं हीच अपेक्षा, त्यामुळे नावं ठेवायला जागाच नाही. ऑस्ट्रेलियात ‘द चेझर’ ही मंडळी २०११ मध्ये असंच काही करणार होती, पण लग्नाचं चित्रण विनोदासाठी वापरायचं नाही अशी अट पुढे आली आणि ऐन वेळी कार्यक्रम गुंडाळावा लागला. म्हणजे विनोद चुकून झाला तरच चालतो. ती वाट तुम्हाला मोकळी आहे.

आवाजाबद्दल दोन ओळी. निवेदक ह्यू एडवर्ड्स यांचा आवाज ऐकला की विश्वास वाटतो, असं २०११ मध्ये आमच्या घरात एकमत होतं. २०२४ साली त्यांनी लहान मुलांच्या अश्लील चित्रांच्या गुन्ह्याची न्यायालयात कबुली दिली. तेव्हापासून आमच्याकडे आवाजावरून कोणाची पारख करत नाहीत. टायवरून करतात.

आता आमच्या माणसांचं. २००३ साली चार्ल्स मुंबईत आले तेव्हा चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले, आणि डब्यांना उशीर होणार नाही अशी वेळ त्या भेटीसाठी साधावी लागली. एप्रिल २००५ मध्ये त्यांच्या आणि कॅमिला यांच्या लग्नासाठी दोन डबेवाले विंडसरला आले. पोपच्या अंत्यविधीमुळे लग्न एक दिवस पुढे ढकललं गेलं. डबेवाले काही ढकलले गेले नाहीत. आम्ही त्या दिवशी राजा-राणी सोडून पडद्याच्या कडाकडांना तेवढे दोनच चेहरे शोधत होतो. पुढे हॅरी आणि मेगन यांनी आहेर नको, सात संस्थांना देणग्या द्या असं कळवलं. त्यांतली ब्रिटनबाहेरची संस्था एकच, मुंबईचं मैना महिला फाउंडेशन. वस्तीतल्या बायका तिथे सॅनिटरी पॅड बनवतात आणि दारोदार पोचवतात. टोप्या, घोडे आणि लिंबाच्या केकवर बोलता बोलता मासिक पाळीवर यायचं, तेही मंगलप्रसंगी, भर सकाळी, हे सोपं नाही हे मान्य. पण पुढच्या वेळी असा प्रसंग आलाच तर घसा न खाकरता बोला. आणि आमच्याकडून कोणी आलं असेल तर एल्टन जॉनच्या चष्म्याला देता तेवढे सेकंद त्यांनाही द्या.

रस्त्यावर तंबू ठोकून झोपणाऱ्यांच्या मुलाखती घेणं थांबवलंत तर उपकार होतील. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाचं उत्तर गेल्या तीन लग्नांत बदललेलं नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, आमचा तुमच्यावर राग आहे. छे हो. लग्नघरात वरमाईला कोणी काही बोलू शकत नाही, म्हणून मठ्ठा आंबट झाला की बोलणी आचाऱ्याला बसतात. तुमची जागा ती. प्रवचन लांबलं तर बिशपला सांगता येत नाही. घोडागाडी रेंगाळली तर महाराजांना विचारता येत नाही. सुटीचा सोन्यासारखा दिवस सोफ्यावर घालवला याचा जाब तर स्वतःलाच विचारावा लागेल, आणि ते काही आमच्याने होणार नाही. एवढ्या गर्दीत ज्याला उघडपणे नावं ठेवता येतात असा माणूस एकच असतो, आणि त्याचं नाव पडद्यावर खाली लिहून येतं. म्हणून आम्ही तुम्हाला सोडून दुसरा चॅनेल लावत नाही. एकदा लावला होता. तिथला निवेदक नीटनेटका बोलत होता, माहिती अचूक होती, टाय बरा होता. दहा मिनिटांत घरातले सगळे उठून आपापल्या कामाला लागले.

१९२३ साली दिवंगत राणीच्या आईवडिलांचं लग्न रेडिओवर ऐकवायला ॲबीने नकार दिला होता. लोक गुत्त्यात बसून, डोक्यावरची टोपीही न काढता ऐकतील अशी भीती होती म्हणतात. भीती रास्त होती. मी बनियनवर पाहतो.

राहता राहिला तक्रारीचा मार्ग. २०२१ साली प्रिन्स फिलिप गेले तेव्हा बीबीसीकडे १,०९,७४१ तक्रारी आल्या, मुख्य म्हणणं हे की फारच दाखवलं. लोकांच्या सोयीसाठी वेगळा अर्ज काढला होता. त्यावर ११६ जणांनी अशी तक्रार केली की तक्रार करणं फार सोपं करून ठेवलंय. त्यांत मी नव्हतो, पण ते ११६ जण माझे सगेसोयरे आहेत. तुमच्या वेळी अर्ज जरा अवघड ठेवा. तीन पानं तरी असावीत, आणि टोपीसाठी स्वतंत्र रकाना.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक लायसनधारक
स्लाऊ

ता. क. १९ मे २०१८ रोजी दुपारी लग्न आटोपलं आणि संध्याकाळी वेम्बलीला चेल्सी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड असा एफए कपचा अंतिम सामना होता. पुढच्या वेळीही तारखा अशाच जुळल्या तर फुटबॉलच्या समालोचकांना मी वेगळं पत्र पाठवणार आहे. पाकिटांची अदलाबदल झाली तरी परत पाठवू नये. मजकूर जवळपास तोच आहे.